तेरावा बलुतेदार

दिवाळीच्या आधीच्या आठवडे बाजारात मी दरवर्षी बाजरीची कणसे शोधत फिरतो. जामनेरच्या बाजारात त्या दिवशी काय मिळत नाही? पणत्या, पुजायच्या केरसुण्या, लाह्या-बत्तासे, झेंडूचे ढीग, दिव्यांच्या माळा, प्लास्टिकच्या आंब्याच्या पानांची तोरणे. कणसे मात्र नसतात. धान्य घेऊन बसलेल्या बाईला विचारले, तर ती पोत्याकडे बोट दाखवते. “कणीस नाही दादा, बाजरी घ्या.” तिचे बरोबर आहे. कणसाला आता गिऱ्हाईक राहिलेले नाही. मलाही ती खायला नको असतात. दाराला टांगायला हवी असतात, पाखरांसाठी.

हा लेख त्या टांगलेल्या कणसाबद्दल आहे. ते का टांगत, कोणासाठी टांगत, आणि आज टांगायचे झाले तर कसे टांगावे. त्यात माझ्या हातून घडलेली एक चूकही सांगायची आहे. ती लपवून बाकीचे सांगण्याचा अधिकार मला पोचत नाही.

मी पक्षिशास्त्रज्ञ नाही, लोकसंस्कृतीचा प्राध्यापकही नाही. दहावीनंतर शिक्षण थांबले आणि मी बियाणे-खतांच्या दुकानात कामाला लागलो. वाचनाची गोडी वाचनालयात लागली. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ हातात पडला तेव्हा लहानपणापासून पाहिलेल्या पाखरांना नावे मिळाली. पुढे नेरी, पहूर, शेंदुर्णी, फत्तेपूर, तोंडापूर अशा गावांत कामानिमित्त जाणे होई. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना मी एकच प्रश्न विचारत असे, “तुमच्या दारात कणसे टांगत का?” त्या उत्तरांच्या वह्या हेच माझे साधन.

खळ्यावरचा वाटा

पहिली नोंद घरचीच. आमची आजी खळे सारवून झाले की बाजरीच्या ढिगाशी बसायची आणि भरदार कणसे निवडून बाजूला ठेवायची. बैल फिरायच्या आधी हे व्हायला हवे, असा तिचा दंडक होता. “आधी पाखरायचा वाटा काढा, मंग बैलं फिरवा.” त्या कणसांची ती देठाकडून वेणी घाली आणि ओसरीच्या वाशाला टांगी. मळणी, उपणणी होऊन रास पडली, की मोजणी सुरू व्हायची. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे. पण पाखरांचा वाटा त्या मापात कधी आलाच नाही. तो राशीच्या आधीच निघालेला असे.

ज्यांना खळ्यावरची ही कामे पाहायला मिळाली नाहीत, त्यांनी बहिणाबाई चौधरींच्या कविता त्या दृष्टीने वाचाव्यात. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या या बाईने पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी अशा एकेका कामावर कविता रचली. १९५२ साली त्या पुस्तकरूपाने आल्या. सुगरणीच्या खोप्यावरची त्यांची कविता सर्वांना पाठ असते. पण ती रचणारी बाई त्याच शेतात राबत होती, जिथे सुगरण दाणे टिपत होती, हे आपण विसरतो.

आता यातली विसंगती पाहा. भाद्रपदात दाणा दुधात आला की हीच आजी आम्हा पोरांना माळ्यावर राखणीला बसवायची. हातात गोफण, शेजारी वाजवायला पत्र्याचा डबा. पोपट, सुगरणी, मनोल्या, चिमण्या, सगळ्यांना हुसकायचे. आणि दोन महिन्यांनी त्याच पाखरांना दारात बोलावून निवडक कणसे द्यायची. मी एकदा तिला हे विचारले. ती म्हणाली, “शेतात ते आपल्या मनानं घेतात. दारात आपण देतो.”

पुण्य, शोभा की हक्क?

माझ्या वह्यांत या प्रथेची तीन स्पष्टीकरणे मिळतात. पहिले पुण्याचे. गृहस्थाने जेवण्याआधी प्राणिमात्रांसाठी अन्न काढून ठेवावे, हा पंचमहायज्ञांतला भूतयज्ञ. पितृपक्षातला काकबळीही सर्वांच्या परिचयाचा. पण काकबळी शिजवलेल्या अन्नाचा असतो आणि तो पितरांच्या नावाने ठेवतात. खळ्यावरच्या कणसाशी पितरांचा संबंध मला कोणी सांगितला नाही.

दुसरे स्पष्टीकरण शोभेचे. सणाला दार सजवायचे, घरात नवे धान्य आलेले, म्हणून कणसांचे तोरण. हे कोकणात अधिक जुळते. तिथे दसरा-कोजागरीच्या सुमारास भाताची लोंबी, आंब्याचे पान, फुले एकत्र बांधून ‘नवे’ दाराला लावतात. गोव्यात गणेशचतुर्थीच्या दिवसांत नव्या कणसांची पूजा होते, आणि ख्रिस्ती समाजात ऑगस्टमध्ये ‘कणसाचे फेस्त’ असते. नवी कणसे चर्चमध्ये आशीर्वाद देऊन वाटली जातात. पण हे कणीस देवाचे आणि घराचे. ते जपायचे असते. पाखरांनी ते खावे अशी अपेक्षा नसते.

खाल्ले जाण्यासाठीच टांगलेल्या कणसाचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या पूर्वेच्या शेजारी आहे. गोंदिया, गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडात दिवाळीच्या सुमारास भाताच्या लोंब्यांची विणलेली झालर दाराला लावतात. तिला ‘चिरई चुगनी’ असेही नाव आहे; चिरई म्हणजे चिमणी. बाजारात त्या झालरी विकायला येतात. नव्या पिकाबद्दल लक्ष्मीचे आभार मानायचे आणि ते पाखरांकरवी तिच्यापर्यंत पोचवायचे, अशी तिथली भावना. आंध्रातही संक्रांतीच्या सुमारास भाताच्या लोंब्यांचे गुच्छ चिमण्यांसाठी घरासमोर टांगतात. फार लांब, नॉर्वे आणि स्वीडनमध्ये नाताळात ओट या धान्याची पेंढी काठीला बांधून अंगणात उभी करतात. नॉर्वेत तिला ‘युलेनेक’ म्हणतात. कापणीच्या वेळीच त्यासाठी पेंढी राखून ठेवायची, अशी तिथली रीत.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे वेळ. पीक शेतातून उठले की पाखरांचे ताट उचलले जाते. नॉर्वेत उरलेसुरले दाणे बर्फाखाली जातात. आपल्याकडे खरीप निघतो, शेत नांगरून रब्बीसाठी मोकळे होते. नेमके तेव्हा कणीस दारात येते. शेत बंद होते, त्या दिवशी दार उघडते. म्हणून मला तिसरे स्पष्टीकरण पटते, आणि ते आजीच्या शब्दातच आहे: वाटा.

वाटा हा शब्द दानाचा नाही. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते, वाटा घेणाऱ्याच्या हक्काचा असतो. आपल्या गावगाड्यात खळ्यावर वाटा कोणाचा असे? बलुतेदारांचा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात त्याचे तपशील आहेत: कोणती जात कोणत्या ओळीची, कोणाला किती. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी वर्षभर काम करणार आणि खळ्यावर येऊन आपले बलुते नेणार. कापणीनंतर गरीब बाया शेतात पडलेली कणसे वेचत, तो सरवा. अशी धान्याला एकामागून एक नावे लागलेली असत. त्या रांगेत पाखरू हा तेरावा बलुतेदार होता, असे माझे म्हणणे आहे. बलुत्याच्या व्यवस्थेचे गोडवे मी गात नाही. माणसांच्या बाबतीत ती जातीची आणि अन्यायाची होती. ती मोडली ते योग्यच झाले. पण ती मोडताना या तेराव्याचा वाटाही गेला, आणि तो परत मागायला त्याला तोंड नव्हते.

पाखरू काम काय करते?

बलुतेदार म्हटला की काम आले. चिमणी दाणे खाते हे दिसते. ती पिलांना काय भरवते हे दिसत नाही. वळचणीतल्या घरट्याखाली तासभर बसून पाहा. चोचीत हिरव्या अळ्या, नाकतोडे, लहान कीटक येताना दिसतील. पिलाला पहिले काही दिवस दाणा पचतच नाही. सुगरण आणि मनोलीसुद्धा मोठेपणी धान्यावर जगतात. पण सुगरणीची पिले किड्यांवरच वाढतात.

चीनने १९५८ साली चिमण्यांना धान्यचोर ठरवून देशभर मारले. थाळ्या-डबे वाजवून त्यांना बसू द्यायचे नाही, थकून पडेपर्यंत उडवायचे. पुढे किडी माजल्या, आणि १९६० मध्ये चिमणीचे नाव शत्रूंच्या यादीतून काढून ढेकणाचे घालावे लागले. आमचा डबा आणि त्यांचा डबा यांत फरक एवढाच, की आमचा दिवाळीनंतर थांबत असे.

आणि आजचे सांगायचे तर कृषी खात्याचा हरभऱ्यासाठीचा सल्ला वाचा. पेरताना बियाण्यात थोडी ज्वारी मिसळा. हरभरा गुडघ्याएवढा, ज्वारी त्याच्यावर उंच. तिच्यावर पाखरे येऊन बसतात आणि खालची घाटेअळी टिपतात. ज्वारी नसेल तर पिकात काठ्यांचे पक्षिथांबे उभारा. कोतवाल, साळुंकी, नीलकंठ ही मंडळी त्यावर बसतात. खात्याच्या भाषेत हे एकात्मिक कीड व्यवस्थापन. आजीच्या भाषेत, पाखराला बोलावले की ते काम करते.

वाटा कसा गेला

आमच्या तालुक्यात नजर जाईल तिथे कापूस. त्यानंतर मका. खरीप ज्वारी-बाजरी बांधापुरती उरली. खान्देशची दादर ज्वारी अजून पेरली जाते, पण ती रब्बीची. दिवाळीला तिचे कणीस नसते. जी बाजरी होते, ती शेतातच मळणीयंत्रात जाते. कणीस घरापर्यंत येतच नाही, येते ते पोते. घरेही बदलली. वासे, आढे, वळचण गेली आणि स्लॅब आला.

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२० च्या अहवालानुसार चिमणी देशभरात साधारण टिकून आहे, मोठ्या शहरांत मात्र घटली आहे. म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. पण टिकून असलेल्या पाखराला आपण काय देतो, हा प्रश्न उरतोच. इथे माझी चूक येते.

दुकानात पोती फाटत, बियाणे सांडत असे. एका दिवाळीच्या आधी मी ते झाडून घरी आणले. ज्वारी-बाजरीचे गुलाबी, हिरवट रंगाचे दाणे होते. रंग चांगला नसेल म्हणून दोनदा धुतले. एका मासिकात परदेशातल्या नाताळच्या दाण्यांच्या झुंबरांचे चित्र पाहिले होते. तसे गुळाचा पाक करून नारळाच्या करवंट्यांवर दाणे बसवले आणि अंगणातल्या कडुलिंबाला तीन झुंबरे टांगली. शेजारी कौतुक करून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी झाडाखाली दोन होले आणि चार चिमण्या पडलेल्या होत्या. एक चिमणी जिवंत होती. पंख थरथरत होते, मान वळत नव्हती. ती संध्याकाळपर्यंत गेली.

तो रंग बीजप्रक्रियेचा होता. पेरल्यावर किडीने आणि बुरशीने बी खाऊ नये म्हणून त्याला औषध चोळलेले असते, आणि ते ओळखू यावे म्हणून रंग. त्यातली काही कीटकनाशके धुऊन जात नाहीत. दाण्यात मुरतात, कारण रोपातही ती शिरावीत अशीच त्यांची योजना असते. पियरे मिनो आणि सिंथिया पामर यांनी २०१३ साली अमेरिकन बर्ड कॉन्झर्व्हन्सी या संस्थेसाठी केलेल्या अहवालात म्हटले आहे, की निओनिकोटिनॉइड गटातले कीटकनाशक लावलेला मक्याचा एक दाणा लहान पक्ष्याला मारू शकतो. अहवाल मी नंतर वाचला. पण बियाण्याच्या पिशवीवर छापलेले असतेच, की हे खाण्यासाठी, चाऱ्यासाठी वा तेलासाठी वापरू नये. शेतकऱ्यांना ते वाक्य मी वर्षानुवर्षे वाचून दाखवत होतो. पाखरांना वाचता येत नाही, ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही.

तेव्हापासून मी कणसाकडे परत गेलो. कणीस बोलके असते. ते कोणत्या शेतातले, त्यावर काय फवारले, हे विचारता येते. सुट्या दाण्याला गाव नसते.

कणसाचे तोरण कसे करावे

ओळखीच्या शेतकऱ्याकडून कणसे घ्या. दाणा भरल्यावर फवारणी झालेली नसावी. बाजरीचे कणीस बिनकेसांचे निवडा. केसाळ वाणांना लांब कूस असते आणि पाखरांनी त्रास देऊ नये म्हणूनच शेतकरी ते पसंत करतो. ज्वारीचे कणीस मोकळे असावे. गच्च कणसात ओल राहते आणि बुरशी धरते. राळ्याची लोंबी मिळाली तर मनोल्यांची चैन. देठ वीतभर ठेवून कापा, सावलीत चार दिवस उलटी टांगून वाळवा.

बांधण्याआधी फक्त देठ थोडा वेळ ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, म्हणजे वेणी घालताना ते मोडत नाहीत. तीन-तीन कणसांची वेणी घालून ती तुरीच्या ओल्या काडीच्या कड्याला ओळीने बांधा. कणसे खाली लोंबली पाहिजेत. दोरी सुताची, अंबाडीची किंवा केळीच्या खांबाच्या वाळलेल्या सालीची. जळगाव जिल्ह्यात केळीच्या सालीला काय तोटा! नायलॉनचा धागा, मांजा, चमकी, रंग यांतले काही नको. पाय अडकला की पाखरू सुटत नाही.

परदेशी पुस्तकांत चरबीत दाणे घोळवून गोळे करायला सांगतात. तिकडच्या थंडीत ते ठीक. आपल्याकडे कार्तिकातल्या उन्हातही चरबी वितळून पिसांना लागते आणि खवटते. गुळाच्या पाकाला मुंग्या लागतात. चिवडा, शेव, पाव नको. मीठ आणि तेल पाखराच्या पोटाचे नाही. घरातल्या डब्यातले धान्य देणार असाल, तर त्याला बोरिक पावडर चोळली आहे का, पाऱ्याच्या गोळ्या ठेवल्या आहेत का, ते आधी पाहा.

बुलबुल, कोकिळा आणि तांबट कणसाकडे ढुंकून पाहत नाहीत. त्यांच्यासाठी पपईची फोड किंवा पिकले केळे सालीसकट काडीत खोचा आणि संध्याकाळी काढून टाका. सूर्यपक्ष्याला यातले काहीच नको. त्याच्यासाठी जास्वंद लावा.

टांगायचे ते पुरुषभर उंचीच्या वर, मांजर जिथून उडी मारेल अशा भिंतीपासून दूर, पण दडायला झुडूप जवळ असेल असे. काचेच्या मोठ्या खिडकीसमोर नको. पणतीजवळ तर मुळीच नको. वाळलेले कणीस क्षणात पेटते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री टांगू नका, त्या आवाजात पाखरू येणार नाही. भाऊबीज उजाडू द्या. एका वेळी एकच तोरण लावा, संपले की दुसरे. काळपट बुरशी दिसली तर लगेच उतरवा. खाली पडलेले दाणे होले टिपतात; तिथली जागा झाडून ठेवा. शेजारी उथळ परळात पाणी ठेवा आणि ते रोज बदला.

आणि एवढे लक्षात असू द्या, की तोरणाने पिलांचे पोट भरत नाही. त्यांना अळ्या हव्यात. अंगणातले तण थोडे राहू द्या, फवारा हातात घेण्याआधी दोनदा विचार करा. ते केले नाही, तर तोरण ही नुसती सजावट.

शेवटी

बाजारात कणसे मिळत नाहीत म्हणून गेल्या पावसाळ्यात एका मित्राच्या बांधालगत मी स्वतःच बाजरीच्या चार ओळी पेरल्या. बीजप्रक्रिया नसलेले, घरचे बी शोधायला दोन तालुके फिरलो. कणसे छान आली. भाद्रपदात दाणा दुधात आला, तसा मनोल्यांचा थवा उतरला. मग सुगरणी आल्या, मग पोपट. दोन दिवसांत अर्धी कणसे रिकामी. असेच चालले असते तर दिवाळीला दारात टांगायला एकही उरले नसते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावरून तो जुना पत्र्याचा डबा काढला, झटकला आणि बांधावर जाऊन बसलो.